जलतरुतृणकाष्ठपाषाण : वनविद्येच्या अध्यापनाचा पूर्वेतिहास व संग्राहकांचें कर्तव्य

१

इनामाचीं पत्रें वाचणाऱ्या प्रत्येक अभ्यासकास एक शब्दसमूह तोंडपाठ झालेला असतो. गांव अगर जमीन दिल्याचें सांगून झाल्यावर पत्रलेखक ती ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ यांसुद्धां दिल्याचें लिहितो व त्यास ‘खेरीज हक्कदार व इनामदार’ अशी मर्यादा घालतो. हा साचा इतक्या वेळां डोळ्यांखालून जातो कीं, नक्कल करतांना पुष्कळजण तेथें ‘वगैरे’ लिहून पुढें सरकतात. दात्याचें नांव, प्रतिग्रहीत्याचें गोत्र, तिथि, शिक्का हें सर्व टिपून घेतलें जातें; हे सात शब्द मात्र कोणी मोजीत नाहीं.

वस्तुतः हे सात शब्द म्हणजे जमिनीवरच्या व जमिनीखालच्या संपत्तीची व्यवस्थित यादी आहे. पाणी, उभें झाड, गवत, लांकूड, दगड आणि भूमिगत ठेवा, एवढीं सर्व अंगें तींत आलीं आहेत. आज विद्यापीठांतून ‘नैसर्गिक साधनसंपत्ति व तिचें संरक्षण’ या नांवानें जो विषय शिकविला जातो, त्याचे जलशास्त्र, वनशास्त्र, तृणभूमीचें शास्त्र, खनिजशास्त्र असे जे विभाग पडतात, ते या यादीशीं बरेच जुळतात. अर्थात् यादी असणें निराळें आणि विद्या असणें निराळें. यादी ही मालकीची भाषा होय. विद्या ही कार्यकारणभावाची भाषा होय. एका भाषेंतून दुसरींत जातांना काय मिळालें व काय गळालें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. हा विषय सार्वजनिक शिक्षणांत कसा आला, त्याचा पाया कोणत्या कागदांवर घातला गेला, कोणते कागद बाहेर राहिले, आणि त्या बाहेर राहिलेल्या कागदांचें आज काय करावें, असे चार प्रश्न येथें क्रमानें घेतले आहेत.

२

प्रथम साच्याचें वय पाहूं. तो मराठेशाहींत निर्माण झालेला नाहीं. राष्ट्रकूट व शिलाहार यांच्या ताम्रपटांत दिलेल्या गांवास ‘सवृक्षमालाकुल’, ‘सकाष्ठतृणोदकोपेत’ अशीं विशेषणें लागतात. दक्षिणेकडे विजयनगरच्या दानपत्रांतून निधि, निक्षेप, जल, पाषाण इत्यादि अष्टभोगांची गणना येते. म्हणजे नवव्या-दहाव्या शतकांतील संस्कृत समास पुढें मोडी दप्तरांत शिरला, असेंच म्हणावें लागतें. फारसी शब्दांनीं भरलेल्या पत्रांतहि हा तुकडा संस्कृतच राहिला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

यांतील ‘तरु’ व ‘काष्ठ’ हे दोन शब्द वेगळे कां, असा प्रश्न सहज उत्पन्न होतो. उभ्या झाडाचा हक्क व तोडलेल्या लांकडाचा हक्क हे दोन भिन्न हक्क मानले जात होते, असा अर्थ लावणें मोहाचें आहे. व्यवहारांत तसा भेद होताहि. फळें खाणारा एक, वाळलेलें सरपण नेणारा दुसरा आणि इमारती लांकूड घेणारें सरकार तिसरें, अशी वांटणी खेड्यांतून दिसते. परंतु केवळ साच्यावरून एवढें अनुमान काढूं नये. ज्या शेतांत दगडाची खाण नाहीं व पुरलेलें धन असण्याचा संभव नाहीं, त्याच्याहि पत्रांत पाषाण व निधि येतातच. साचा हा साचाच असतो. तसेंच ‘हक्कदार’ या शब्दानें देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी आदि वतनदार मुख्यतः अभिप्रेत असतात. रानांत गुरें चारणारा कुणबी किंवा कंदमुळें खणणारा कातकरी त्यांत धरला होता, असें त्या शब्दावरून सिद्ध होत नाहीं. तें सिद्ध करावयाचें तर दुसरे कागद पाहिजेत. ते कोणते, याचा विचार पुढें येईल.

३

विद्येच्या बाजूनें पाहतां आमच्याकडे ग्रंथ नव्हते असें नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत कुप्याध्यक्ष नांवाचा अधिकारी सांगितला आहे. वनपालांकरवीं वनोत्पन्न गोळा करणें, त्यासाठीं कर्मशाळा चालविणें, व वन तोडणाऱ्यावर दंड बसविणें हीं त्याचीं कामें. तेथें सारदारु, वेणु, वल्ली, वल्क इत्यादि वर्ग पाडून द्रव्यांची गणना केली आहे. दंडाच्या नियमास आपत्तीचा अपवाद आहे, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. संकटांत सांपडलेल्या माणसानें लांकूड तोडलें तर तो गुन्हा धरूं नये, असा तिचा आशय. नगरांतील उपवनांच्या फळाफुलांच्या व छायेच्या झाडांचे कोंब तोडल्यास ६ पण, लहान फांद्या तोडल्यास १२ पण व मोठ्या फांद्या तोडल्यास २४ पण, असा चढता दंडहि त्या ग्रंथांत आहे. हत्तींच्या वनांसाठीं निराळा अध्यक्ष असून हत्ती मारणाऱ्यास देहदंड सांगितला आहे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूगर्भांतील पाण्याचीं चिन्हें सांगणारा दकार्गलाध्याय आणि त्यापुढें वृक्षायुर्वेदाध्याय आहे. सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा स्वतंत्र ग्रंथ ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांतील हस्तलिखितावरून १९९६ सालीं भाषांतरासह प्रसिद्ध झाला.

मलबारांतील वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यानें १६७८ ते १६९३ या काळांत ॲमस्टरडॅम येथें छापविला. त्यास साहाय्य करणाऱ्यांत इट्टी अच्युतन् हा मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तिघे कोंकणी ब्राह्मण होते. त्या तिघांचें १६७५ चें कोंकणी प्रतिज्ञापत्र ग्रंथाच्या आरंभीं नागरी लिपींत छापलें आहे. नागरी अक्षरांच्या मुद्रणाच्या इतिहासांतहि त्या पानाचें महत्त्व आहे. या ग्रंथाचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर के. एस. मणिलाल यांनीं केलें व तें केरळ विद्यापीठानें २००३ सालीं प्रसिद्ध केलें. म्हणजे ३२५ वर्षांनीं तो ग्रंथ एका सार्वजनिक विद्यापीठाच्या द्वारें आपल्या भूमींत परतला.

आतां येथें कालक्रमाकडे लक्ष द्यावें. अर्थशास्त्राचें हस्तलिखित तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिलें, आर. शामशास्त्री यांनीं १९०५ सालीं तें उजेडांत आणिलें व १९०९ सालीं मूळ ग्रंथ छापला. परंतु हिंदुस्थानांत वनविद्येची पहिली शाळा निघाली ती १८७८ सालीं. म्हणजे ज्या वेळीं या देशाच्या रानांचें शास्त्र कसें शिकवावें हें ठरलें, त्या वेळीं या देशांतील त्या विषयाचा प्रमुख ग्रंथ एका पोथीच्या बासनांत अज्ञात पडून होता. हस्तलिखित सांपडण्यास तीस वर्षांचा उशीर झाला, एवढ्यानें अभ्यासक्रमाचें स्वरूप किती बदललें असतें हें सांगतां येत नाहीं. पण ‘येथें पूर्वीं कांहीं व्यवस्था नव्हती’ हें विधान इतक्या सहजपणें कोणास करतां आलें नसतें, एवढें खास.

४

मराठी कागदांकडे वळूं. शिवछत्रपतींचें १९ मे १६७३ चें चिपळूणजवळील हलवर्ण येथील जुमलेदार, हवालदार वगैरेंस लिहिलेलें पत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. पावसाळ्यापुरता सांठविलेला दाणा व गवत आधींच उधळलें तर पुढें घोडे मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरीं जाऊन लुबाडूं लागतील, आणि रयतेस तो जाच मोंगलांपेक्षांहि अधिक वाटेल, असा त्याचा भावार्थ. सांठा किती, तो पुरवावयाचा किती दिवस, आणि न पुरल्यास त्याचा भार कोणावर पडेल, हे तीनहि प्रश्न त्यांत एका ठिकाणीं आले आहेत. साधनसंपत्तीच्या शास्त्रास आरंभ येथूनच करावा लागतो.

रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र इ. स. १७१५ च्या सुमाराचें आहे. त्यांतील आरमाराच्या प्रकरणांत लांकडाचा विचार आहे. राज्यांतील अरण्यांत सागवानादि वृक्ष असतील त्यांपैकीं अनुकूल ते परवानगीनें तोडावे. याखेरीज लागेल तें परमुलुखांतून खरेदी करून आणावें. आंबा, फणस यांचेंहि लांकूड जहाजास उपयोगी, परंतु त्यांस हात लावूं देऊं नये. कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकराप्रमाणें वाढविलेलीं असतात. झाड अगदीं जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानें न्यावें; बलात्कार सर्वथा करूं नये. असा तो आशय आहे.

अलीकडे या प्रकरणास ‘पर्यावरणाचा जाहीरनामा’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. अभिमान योग्य आहे, परंतु अर्थ कागदापुरता ठेवावा. अमात्यांचा विषय आरमार हा आहे, अरण्य नव्हे. सागवान राखण्याचें प्रयोजन गलबतें बांधणें हें आहे. मग त्यांत अपूर्व तें काय? अपूर्व आहे तें असें कीं, राज्याची गरज कितीहि मोठी असली तरी तिच्यापुढें रयतेच्या झाडाचें मोल व रयतेचा संतोष हीं दोन बंधनें घातलीं आहेत. आणि हीं बंधनें घालतांना झाड वाढण्यास लागणारा काळ हें कारण दिलें आहे. काळाचा हिशेब व न्यायाचा हिशेब एकाच वाक्यसंदर्भांत मांडणारा असा राजकीय कागद दुर्मिळ होय. पुढील इतिहासांत हे दोन हिशेब एकमेकांपासून तुटले, म्हणून येथें त्याची नोंद करणें अवश्य वाटतें.

५

इंग्रजी अमदानींत वनस्पतींचा पद्धतशीर अभ्यास आमच्या प्रांतांत दापोडीस सुरू झाला. पेशव्यांच्या पदरच्या पलटणीवरील कॅप्टन फोर्ड याचा बंगला गव्हर्नर माल्कम याच्या वेळीं सरकारी निवासस्थान झाला, व १८२८ सालीं तेथें वनस्पतींची बाग करण्यांत आली. १८३८ पासून त्या बागेवर डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश शस्त्रवैद्य होता. कोंकणांतील डोंगर उघडे पडल्यानें झरे आटतात, या गोष्टीकडे त्यानें सरकारचें लक्ष वेधलें होतें. १८४७ सालीं त्यास मुंबई इलाख्याचा जंगलांचा काँझर्व्हेटर नेमण्यांत आलें. त्यानें व त्याच्या मागून त्या जागीं आलेल्या डॅल्झेल यानें मिळून ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ सालीं प्रसिद्ध केला.

दापोडीच्या बागेंतील झाडांचीं १८४७ ते १८५० या काळांत काढविलेलीं रंगीत चित्रें एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानांत सुरक्षित असून एच. जे. नोल्टी यांनीं २००२ सालीं त्यांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. चित्रकार हिंदी-पोर्तुगीज होता, एवढेंच समजतें. त्याचें नांव कोठेंहि लिहून ठेवलेलें नाहीं. चित्रें राहिलीं व काढणारा गेला. संग्राहकांस हा अनुभव नवा नाहीं.

१६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली व रुळांखालील लांकडांसाठीं रानांवर नवा भार पडला. १८६४ सालीं हिंदुस्थान सरकारचें स्वतंत्र जंगलखातें स्थापन होऊन बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस हा त्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला. १८६५ सालीं पहिला जंगल कायदा झाला. तो अपुरा वाटल्यावरून दुसऱ्या कायद्याचा वाद सुरू झाला. या वादांत ब्रँडिसचें मत असें होतें कीं, सरकारी राखीव जंगलाबरोबर गांवांचीं स्वतःचीं जंगलेंहि असावीं. बी. एच. बेडन-पॉवेल याचें मत याच्या उलट. पूर्वींच्या राजवटींत रान राजाचेंच होतें. लोक तेथें जें घेत तें राजाच्या दुर्लक्षामुळें. म्हणून त्यास हक्क न म्हणतां सवलत म्हणावें, असें त्याचें प्रतिपादन होतें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेंहि सरकारकडे अर्ज करून कठोर बंदोबस्तापेक्षां गांवकऱ्यांस विश्वासांत घेऊन रान राखणें अधिक हिताचें आहे, असें कळविलें. शेवटीं १८७८ चा कायदा झाला तो मुख्यत्वें बेडन-पॉवेलच्या बाजूचा. राखीव, संरक्षित व ग्रामवन असे तीन वर्ग त्यांत पडले. परंतु ग्रामवनाचें कलम बहुतेक कागदावरच राहिलें.

त्याच १८७८ सालीं डेहराडूनची जंगलशाळा निघाली. १८८४ सालीं ती हिंदुस्थान सरकारच्या ताब्यांत जाऊन साम्राज्याची शाळा झाली व १९०६ सालीं तिच्या जोडीस संशोधनसंस्था आली. कायदा आणि शाळा यांचा जन्म एका वर्षींचा, हा योगायोग असेल. परंतु परिणाम योगायोगाचा नाहीं. शाळेंतून बाहेर पडणारा मनुष्य त्या कायद्याचा अंमल करण्यासाठींच तयार होत होता. बेडन-पॉवेलनेंच १८८२ सालीं जंगल अधिकाऱ्यांसाठीं कायद्याचें पुस्तक लिहिलें. पुढें इंग्लंडांत कूपर्स हिल येथें, जेथें हिंदुस्थानांत येणारे वरिष्ठ अधिकारी शिकत, तेथें दिलेलीं त्याचीं जंगल-कायद्यावरील व्याख्यानें १८९३ सालीं छापून निघालीं. याप्रमाणें वादांतील एका पक्षाचें म्हणणें पाठ्यपुस्तकांतील सिद्धान्त होऊन बसलें. विद्यार्थ्यास तें एक मत आहे, हें कळण्याचा मार्गच उरला नाहीं.

६

पुण्यांतहि हा विषय लौकरच आला. १८५४ सालीं निघालेला इंजिनियरिंगचा वर्ग १८६६ सालीं मुंबई विद्यापीठास जोडला गेला होता. १८८० च्या सुमारास तेथें शेतकी व जंगल यांचे वर्ग सुरू झाले व संस्थेस ‘कॉलेज ऑफ सायन्स’ हें नांव मिळालें. विद्यापीठाशीं संलग्न अशा सार्वजनिक संस्थेंत वनविद्या शिकविण्याचा आमच्या प्रांतांतील हा आरंभ होय. तेथील प्राचार्य थिओडोर कुक हा मूळचा रेल्वेचा इंजिनियर. वसईचा लोखंडी पूल त्यानें उभारला. पुढें वनस्पतिशास्त्राकडे वळून त्यानें मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश रचला, तो १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झाला. जंगलखात्यांतील टॅलबट याची वनवृक्षांवरील ग्रंथद्वयी १९०९ व १९११ सालीं निघाली. या ग्रंथांतून झाडांचीं मराठी नांवें दिलेलीं आहेत. तीं नांवें सांगणारे लांकूडतोडे, वैदू, ठाकूर, कातकरी, यांचीं स्वतःचीं नांवें मात्र नाहींत. दापोडीच्या चित्रकाराची गोष्ट येथें पुन्हां घडली.

ब्रँडिसचा प्रभाव हिंदुस्थानापुरता राहिला नाहीं. अमेरिकेचा गिफर्ड पिंचो १८८९ सालीं युरोपांत वनविद्या शिकण्यास गेला तेव्हां ब्रँडिसनेंच त्यास मार्ग दाखविला. पुढें तो अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. मिशिगनच्या सार्वजनिक विद्यापीठांत १९०३ सालीं वनशास्त्राचा विभाग निघाला, १९२७ सालीं तो वन व संरक्षण यांची शाळा झाला, व १९५० सालीं त्यास ‘नैसर्गिक साधनसंपत्तीची शाळा’ हें नांव मिळालें. नांवांतील हा बदल अर्थपूर्ण आहे. आधीं लांकूड, मग रान, आणि शेवटीं पाणी, माती, गवत, प्राणी यांसह सगळी भूमि, असा तो विस्तार झाला. म्हणजे ‘काष्ठा’पासून निघालेली विद्या सत्तर-पाऊणशें वर्षांनीं ‘जलतरुतृणकाष्ठपाषाणा’पर्यंत पोंचली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

७

या शिक्षणांतून काय गळालें, हें पाहण्यास ठाणें व कुलाबा जिल्ह्यांचें उदाहरण पुरें आहे. तेथील भातशेतीस राब लागे. झाडांच्या फांद्या, पाला, गवत व शेण रोपांच्या जागेवर पसरून जाळावयाचें व त्या राखेंत बीं पेरावयाचें, ही ती रीत. त्यासाठीं वरकस जमीन भाताच्या खाचराबरोबर वहिवाटीस असे. शास्त्र शिकलेल्या अधिकाऱ्यास फांद्या छाटलेलें झाड म्हणजे नासधूस दिसली. शेतकऱ्यास राब बंद म्हणजे भात बंद. दोघेहि आपापल्या हिशेबानें बोलत होते. मात्र एकाचा हिशेब छापलेला होता व दुसऱ्याचा नव्हता. असंतोष इतका वाढला कीं, मुंबई सरकारास १८८५ सालीं चौकशीसाठीं जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं झाला. त्याच सुमारास, १८८३ सालीं, जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांत डोंगरावरील गायरानें जंगलखात्यानें घेतल्यानें शेतकऱ्याचीं गुरें उपाशी मरतात, ही तक्रार आहे. हे दोन्ही कागद वनविद्येच्या विद्यार्थ्यानें वाचले पाहिजेत. ते फार काळ इतिहासाच्या विद्यार्थ्यानेंच वाचले, आणि त्यानें झाडांची विद्या वाचली नाहीं.

स्वातंत्र्यानंतर स्थिति हळूहळू पालटली. दापोडीचें गव्हर्नरी निवासस्थान १८६५ सालीं विकलें गेल्यावर गणेशखिंडींत जी नवी वास्तु पुरी झाली, तींतच १९४९ सालीं पुणें विद्यापीठ आलें. १९४६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे व्ही. डी. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत देवराया व देवरहाट्या यांचा अभ्यास केला. देवाच्या नांवानें राखलेल्या रानाच्या तुकड्यांत अन्यत्र नष्ट झालेल्या वनस्पति टिकून आहेत, हें त्यांनीं दाखविलें. बेडन-पॉवेलच्या सिद्धान्तास याहून सरळ उत्तर दुसरें नाहीं. ज्या लोकांस नियम नव्हता असें म्हटलें गेलें, त्यांच्याच नियमानें हें रान राहिलें होतें. पुढें कृषि विद्यापीठांतून वनशास्त्राच्या पदव्या निघाल्या. आणि १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरणाचें शिक्षण सर्व थरांवर देण्याविषयीं आदेश दिल्यावर तो विषय पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांपर्यंत गेला.

८

येथपर्यंतचा इतिहास केवळ जिज्ञासेचा असता तर लेख येथेंच संपविला असता. परंतु २००६ सालीं अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचे वनहक्क मान्य करणारा कायदा झाला व त्याच्या नियमांनीं पुराव्याचे प्रकार ठरवून दिले. त्यांत सरकारी दप्तरें व नकाशे आहेत. पूर्वींच्या संस्थानांचीं व मध्यस्थ सत्तांचीं हक्क-सवलतींचीं लेखनें आहेत. रूढींचें टिपण करणारे संशोधनग्रंथ आहेत. विहिरी, स्मशानें, देवस्थानें यांसारख्या जुन्या खुणा आहेत. आणि वृद्धांचे जबाबहि आहेत. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवास सुमारें १,८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क २००९ सालीं मिळाला. ज्या प्रश्नावर १८७८ सालीं कागद न पाहतां निकाल झाला, तो प्रश्न आज गांवोगांव पुन्हां विचारला जात आहे, आणि या वेळीं कागद मागितला जात आहे.

तो कागद पुष्कळदां आमच्याच पेट्यांत आहे. संग्राहकांची आवड शिक्क्याची, मोठ्या नांवाची, लढाईच्या बातमीची असते. कुरणाच्या तंट्याचा महजर, दोन गांवांच्या शिवेवरील चराईचा निवाडा, गुरवानें देवाच्या रानाविषयीं केलेला अर्ज, राबासाठीं वरकस दिल्याची चिठी, संस्थानच्या जंगलखात्याचें बाड, वैद्याची वनस्पतींच्या नांवांची वही, हे कागद रद्दीच्या भावानें जातात. बाजारांत त्यांस मोल नाहीं, म्हणून ते प्रथम नष्ट होतात. ज्या खेड्यांतून ते आले त्या खेड्यास मात्र ते एखाद्या राजपत्राहून अधिक किंमतीचे असूं शकतात.

म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : नक्कल करतांना साचा गाळूं नये, ज्या पत्रांत ‘तरु’ किंवा ‘तृण’ वगळलें असेल, तें वगळणेंच कदाचित् त्या पत्राचें रहस्य असेल, आणि सर्व साचे पुरते उतरल्यावांचून तें कळणार नाहीं. दुसरी : सीमा सांगतांना येणारीं ओढ्यांचीं, झाडांचीं व टेकड्यांचीं नांवें जशींच्या तशीं उतरावीं व आजच्या गांवकऱ्यांकडून ताडून घ्यावीं, सांगणाऱ्यांनीं संमति दिल्यास त्यांचींहि नांवें लिहून ठेवावीं. तिसरी, आणि ही अधिक महत्त्वाची : कागद दुर्बळाच्या बाजूचा आहे म्हणून त्याची परीक्षा सैल करूं नये. अक्षर, शिक्का, तिथि, वार यांची कसोटी येथेंहि तितकीच कडक पाहिजे. खोटा महजर एका गांवाचाच हक्क बुडवीत नाहीं; शेजारच्या दहा गांवांच्या खऱ्या कागदांवरचा विश्वास घालवितो.

विद्यापीठांतील वनशास्त्राच्या अध्यापकांसहि एक विनंति आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांस झाडाचें वय वर्तुळें मोजून काढतां येतें. त्याच झाडाखालील हक्काचें वय मोडी कागदावरून काढतां आलें तर त्यांची विद्या पुरी होईल. सहा महिन्यांचा मोडीचा अभ्यास हा वनस्पतींच्या लॅटिन नांवांपेक्षां कठीण नाहीं. आमच्याकडे वाचणारे आहेत व कागद आहेत; त्यांच्याकडे रान पाहण्याची शिस्तबद्ध दृष्टि आहे. झाडास लागणारा काळ व रयतेस मिळणारा न्याय हे दोन हिशेब अमात्यांनीं एकत्र मांडले होते. ते पुन्हां एकत्र मांडण्याचें काम या दोघांपैकीं कोणा एकाच्यानें होणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अशा प्रकारचे कागद असतील त्यांनीं निदान त्यांची यादी करून ती प्रसिद्ध करावी. कोणता कागद कोणत्या गांवाच्या उपयोगीं पडेल, हें यादी झाल्यावांचून कोणासच सांगतां येणार नाहीं.